सल्ला हवा आहे: बीआरसीए पॉझिटिव्ह, मॅमोग्राफी नॉर्मल. तरीही एमआरआय करायचा का?

कुंदकळी
नमस्कार. लिहू की नको करत बरेच दिवस गेले. आईला ४१व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. मावशी अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. आईच्या जनुकीय तपासणीत बीआरसीए-१ या जनुकात दोष सापडला (त्याने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो), म्हणून माझी आणि धाकट्या बहिणीची तपासणी केली. दोघींचीही पॉझिटिव्ह आली. मी ३४ वर्षांची, ती २७.

माझी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, झाली. रिपोर्टमध्ये ‘बायराड्स १’, म्हणजे संशयास्पद काही नाही, असं आहे आणि खाली ‘स्तन अतिशय दाट, प्रकार डी’. डॉक्टर म्हणतात, दरवर्षी कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन एमआरआयही करायचा. घरचे म्हणतात, रिपोर्ट स्वच्छ आलाय, आता कशाला? फार तर सोनोग्राफी कर. मला बंद जागेची भीती वाटते, त्यामुळे मीही सोनोग्राफीकडे झुकले आहे. बहिणीची तर मॅमोग्राफीही करायला नको म्हणाले, ते का ते कळलं नाही. अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.

निळी_शाई
कुंदकळी, आधी एक मोठी मिठी. मी बीआरसीए-२ वाली, गेली सात वर्षं दरवर्षी एमआरआय करते. करून घ्याच.

बंद जागेचं म्हणाल तर मलाही तोच त्रास. पण स्तनांच्या एमआरआयला पालथं झोपवतात, तोंड खाली. छतच डोळ्यांसमोर नसल्यामुळे मला निम्मी भीती तिथेच कमी वाटली. मी आत जाण्याआधी डोळे मिटते ते बाहेर आल्यावरच उघडते. हातात दाबायला घंटी देतात, कानात बोळे देतात. आवाज मोठा असतो, तो अपेक्षित धरा. हात डोक्यावर घेऊन अर्धा-पाऊण तास हलायचं नाही, खांदे भरून येतात. भीती आहे हे तारीख घेतानाच सांगा, काहींना आधी हलकं औषधही देतात.

एक मात्र आधीच सांगून ठेवते, मला कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी माझ्या रिपोर्टमध्ये एक ठिपका ‘चमकला’. पुन्हा सोनोग्राफी, मग बायोप्सी. निकाल येईपर्यंतचे नऊ दिवस मी जेवले काय, झोपले काय, काही आठवत नाही. निघालं काहीच नाही, साधी गाठ. एमआरआयला असं होतं, आणि पहिल्या वर्षी जास्त, कारण ताडून बघायला जुनी चित्रं नसतात. परत बोलावलं म्हणजे कर्करोगच, असं मनात धरू नका.

प्रतिमावाचक
मी रेडिओलॉजिस्ट आहे. तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, म्हणून सर्वसाधारण लिहितो.

मॅमोग्राफीत दाट ऊती पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच. प्रकार डी म्हणजे धुक्यात पांढरा कपडा शोधणं. म्हणून तुमच्या बाबतीत ‘बायराड्स १’चा अर्थ ‘जेवढं दिसलं त्यात काही नाही’ एवढाच घ्या. एमआरआय वेगळ्या तत्त्वावर चालतो. वाढणारी गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करते, त्या कच्च्या आणि गळक्या असतात. गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट तिथे भराभर शिरतं आणि ती जागा उजळते. ऊती दाट असली तरी फारसं अडत नाही.

नेदरलँड्समध्ये जास्त धोका असलेल्या १,९०९ स्त्रियांवर झालेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. आजूबाजूच्या ऊतीत पसरू लागलेले कर्करोग एमआरआयने सुमारे ८० टक्के पकडले, मॅमोग्राफीने ३३ टक्के. नुसत्या हाताने तपासून १८ टक्के. बीआरसीए-१ मधल्या गाठी बहुधा झपाट्याने वाढतात आणि कधी कधी कडा गुळगुळीत असल्याने साध्या गाठीसारख्या दिसतात. तुम्हाला वर्ष चुकवायचं नाही ते यासाठी.

सोनोग्राफी एमआरआयची जागा घेत नाही. एमआरआयमध्ये दिसलेली जागा नेमकी शोधायला आणि बायोप्सीला ती फार उपयोगी. मॅमोग्राफीही सोडू नका, कधी कधी कर्करोगाची पहिली खूण असलेले चुन्याचे (कॅल्शियमचे) बारीक कण त्यातच उत्तम दिसतात. काही ठिकाणी दोन्ही तपासण्या सहा-सहा महिन्यांच्या अंतराने ठेवतात.

बहिणीबद्दल: तरुण वयात स्तनांच्या ऊतीवर क्ष-किरणांचा परिणाम जास्त होऊ शकतो आणि ऊती दाट असल्याने दिसतंही कमी. म्हणून साधारण २५ ते २९ या वयात फक्त एमआरआय आणि तिशीपासून सोबत मॅमोग्राफी अशी पद्धत आहे. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच.

तारीख घेताना पाळी सुरू झाल्यापासूनचा ७वा ते १५वा दिवस बघा. नंतरच्या दिवसांत निरोगी ऊतीही कॉन्ट्रास्ट ओढते आणि नको त्या जागा उजळतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर आधी सांगा.

शेवंती७
अहो, एवढं मशीनमध्ये जाण्यापेक्षा थर्मोग्राफी करा ना! स्पर्श नाही, किरण नाहीत. माझ्या जाऊबाईंनी केली, सगळं छान आलं.

प्रतिमावाचक
शेवंती७ ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला कृपया कुणालाही देऊ नका. थर्मोग्राफी त्वचेची उष्णता दाखवते. लवकरचा कर्करोग तिच्यावर विसंबून शोधता येत नाही. बीआरसीए-१ असलेल्या बाईला तिच्या भरवशावर ठेवणं धोक्याचं आहे.

अंगणवेल
माझ्या मोठ्या बहिणीचा एमआरआय स्वच्छ आला होता. पाच महिन्यांनी आंघोळ करताना तिला गाठ लागली. ‘आत्ताच तर तपासलंय’ म्हणून ती पुढच्या तारखेची वाट बघत बसली. कर्करोगच होता. आज ती बरी आहे, पण उपचार फार जड गेले. दोन तपासण्यांच्या मध्ये काही वेगळं लागलं, स्तनाग्र आत ओढलं गेलं, स्राव आला, तर त्याच आठवड्यात दाखवा. रिपोर्ट कितीही ताजा असो.

प्रतिमावाचक
अंगणवेल यांच्याशी पूर्ण सहमत. कुंदकळी, आणखी एक. या तपासण्या फक्त स्तनांच्या आहेत. अंडाशयाचा कर्करोग लवकर पकडणारी भरवशाची तपासणी नाही. बीआरसीए-१ मध्ये ३५ ते ४० या वयात, मुलं होऊन झाल्यावर, अंडाशय आणि बीजवाहिन्या काढण्याचा विचार करतात. तुम्ही ३४ च्या आहात आणि मावशींचा इतिहास आहे. हा विषय पुढच्या भेटीत स्वतःहून काढा.

निळी_शाई
आणि भाऊ असेल तर त्यालाही तपासणीचं सांगा. दोष बापाकडूनही मुलीत येतो, हे आमच्या घरी कुणाला माहीतच नव्हतं.

कुंदकळी
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिमावाचक, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, मी येतो सोबत. पाळीच्या नवव्या दिवसाची तारीख घेतली आहे, बहिणीची त्याच्या पुढच्या आठवड्यात. भीतीचं फोनवरच सांगून ठेवलं. भाऊ आहे, त्याला दोन लहान मुली आहेत. त्याच्याशी आज रात्री बोलते.