रात्री साइडपट्टीवर उभी गाडी: आपापले अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात आमच्या लाइनवरचे वस्ताद, म्हणजे जुने जाणते ट्रक ड्रायव्हर, अपघातात गेले. भिवंडीहून सूत भरून इचलकरंजीला निघाले होते. खंबाटकी घाट उतरून वेळे गावाच्या पुढे ड्रायव्हर साइडचा मागचा टायर फुटला. गाडी साइडपट्टीला घेतली, जॅक लावला, क्लीनर टॉर्च धरून पुढच्या चाकाशी उभा. मागून आलेली गाडी पांढरी पट्टी ओलांडून आत घुसली आणि तशीच निघून गेली. क्लीनर वाचला, पण पोरगं अजून नीट बोलत नाही. नाव इथे टाकत नाही, घरच्यांनी तसं सांगितलंय. ओळखणारे ओळखतीलच. कराड-कोल्हापूर लाइनवरची कितीतरी पोरं त्यांच्या हाताखाली क्लीनरची ड्रायव्हर झाली.

हात जोडलेले फोटो ढिगाने आले. ते ठीक आहे. इथे दुसरं हवंय. रात्री साइडपट्टीवर गाडी लावायची पाळी कुणावर आली, का आली, पुढे काय झालं, ते लिहा. ड्रायव्हर, क्लीनर, क्रेनवाले, घरचे, कुणीही. भाषणं नकोत.

दहाटायरी, कराड
मी त्यांच्याच गाडीवर क्लीनर होतो. टायर बदलताना मला कधी रस्त्याकडच्या बाजूला बसू दिलं नाही. "तू टॉमी (नट खोलायचा दांडा) दे, नट मी खोलतो," एवढंच म्हणायचे. कंडक्टर साइडचा, म्हणजे डावीकडचा टायर गेला तर गाडीच्या आडोशाला काम होतं. ड्रायव्हर साइडचा गेला की पाठ रस्त्याला. त्यात लोडच्या गाडीचे नट हाताने हलत नाहीत. टॉमीला पाइप अडकवून त्यावर उभं राहून झटका द्यावा लागतो, म्हणजे माणूस आणखी दोन फूट लेनकडे सरकला.

मागे जोडटायर असतो. एक गेला तरी दुसऱ्यावर गाडी रांगत पुढच्या पंपापर्यंत नेता येते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण दुसराही तापून फुटला तर त्याचे पैसे कुणाच्या पगारातून कापतात तेही सगळ्यांना माहीत आहे. म्हणून माणूस आहे तिथेच उतरतो.

क्रेनवाला, घाटमाथा
उभ्या गाडीवर मागून आदळलेल्या गाड्या ओढून काढणं हा आमचा रोजचा धंदा. बहुतेक ठिकाणी रस्त्यावर ब्रेक लागल्याची खूणच नसते. मागच्याला शेवटपर्यंत पत्ताच नसतो. लांबून लाल दिवा दिसला की पुढची गाडी चालू आहे असंच डोळ्याला वाटतं. उभी आहे हे कळतं तेव्हा वेळ गेलेली असते.

इशाऱ्याचा चमकणारा त्रिकोण लावतात, पण गाडीपासून दहा पावलांवर. अरे, 80 च्या स्पीडला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. 50 मीटरवर त्रिकोण ठेवलात तरी मागच्याच्या हातात सव्वादोन सेकंद. डुलकी लागलेल्या माणसाला तेवढ्यात जागसुद्धा येत नाही. शंभर मीटर मागे जा, वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे ठेवा. जाताना कठड्याच्या पलीकडून चाला. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 या मदत नंबरला फोन लावा. आणि गाडी बंद पडली म्हणून केबिनमध्ये आडवे होऊ नका. क्लीनरलाही झोपेतून उठवून खाली घ्या, पोरगं कितीही कुरकुरलं तरी.

कारवाला, पुणे
सगळं खरं असेल, पण आमचंही ऐका. मागचे दिवे बंद, रिफ्लेक्टरवर चिखलाचा थर, अर्धी गाडी लेनमध्ये आणि ड्रायव्हर चहाला. अशाच गाडीखाली माझ्या मेव्हण्याची कार घुसली. जीव वाचला, पाय गेला. त्याने कुणाला शिव्या घालायच्या?

दहाटायरी, कराड
दादा, चहाला लेनमध्ये गाडी लावणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. त्याला शिव्या घालाच. पण दिवे बंद का असतात त्याचं एक कारण सांगतो. मेकॅनिकची वाट बघत रात्रभर चारी इंडिकेटर चालू ठेवले की जुनी बॅटरी बसते. दिवे जातात आणि गाडीही स्टार्ट होत नाही. मग मागच्यांना इशारा म्हणून रस्त्यावर मांडायला उरतात दगड नि झाडाच्या फांद्या.

मोटारसायकलवाला, सातारा
आणि काम झालं की ते दगड तिथेच सोडून गाडी पसार! माझा खांदा त्यातल्याच एका दगडाने निखळला. निघताना दगड तेवढे बाजूला लाथाडा, बाकी काही म्हणणं नाही.

समृद्धीवर असतो
डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी रस्ता सुरू झाला तेव्हा आम्ही खूश. नंतर कळलं, जेवायला जागा नाही, गाडी लावायला जागा नाही. आता पूर्ण 701 किलोमीटर झालाय. सरळसोट रस्ता, वळण नाही की गाव नाही, दुपारी डोळे आपोआप मिटतात. थांबायचं कुठे? कडेला. आठ तास ड्युटी आणि पाच तासांनी अर्धा तास विश्रांती हे मोटार वाहतूक कामगारांच्या 1961 च्या कायद्यात लिहून ठेवलं होतं. शेठसमोर बोलून दाखवा.

प्रत्येक वेळी ड्रायव्हरच थांबतो असंही नाही. ऑक्टोबर 2023 ला वैजापूरजवळ टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर आदळून 12 माणसं गेली. तो ट्रक रस्त्यात अडवून उभा करायला लावल्याच्या आरोपावरून दोन अधिकाऱ्यांना अटक झाली होती. रात्री समोरून हात आडवा आला की ड्रायव्हर थांबणारच. जागा बरी का वाईट, हे बघायची सोय कुठे असते त्याला?

जतची
आमचे हे पंधरा वर्षं गाडीवर आहेत. रात्री फोन आला, "पंक्चर झालीय, थांबलोय," की मी विचारायची, जेवलात का. वस्तादांचं कळल्यापासून विचारते, कुठल्या बाजूचा टायर? परवा हसले आणि म्हणाले, आता तू जॅकपण लावायला ये. मला नाही हसू आलं.

धागाकर्ता
वहिनींच्या, म्हणजे वस्तादांच्या बायकोच्या, दाव्याबद्दल बरेच जण विचारतायत, म्हणून एकदाच लिहितो. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही तर हिट अँड रन योजनेतून मृताच्या घरच्यांना 2 लाख मिळतात. 1 एप्रिल 2022 च्या आधी हेच 25 हजार होते. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा, त्याचे कागद जमवणं चालू आहे.

शेठ म्हणतो, तो ट्रिपमागे पैसे घ्यायचा, पगारावर नव्हता, माझ्याकडे काही लागत नाही. असं म्हणून सुटता येत नाही. माणूस त्याच्या गाडीवर, त्याचा माल पोचवताना गेलाय. कामगार नुकसानभरपाईचा दावा वेगळा टाकतोय, वकील बघितलाय. वस्तादांनी या गाडीवर केलेल्या ट्रिपच्या चिठ्ठ्या, डिझेलच्या पावत्या, शेठने ऑनलाइन पैसे टाकल्याचे मेसेज, जे काही कुणाकडे असेल त्याचा फोटो मला पाठवा. चिठ्ठी फाटलेली असली तरी चालेल, तारीख आणि गाडी नंबर दिसला पाहिजे.

आणि क्लीनर पोराला फोन करून "नक्की काय झालं" विचारणं बंद करा. पोलिसांनी जबाब घेतलाय, तेवढा पुरे.