पिशवीचं तोंड आखूड आलंय, टाका घालावा की नको? मदत हवी आहे

कोरेगावकर८४: बायको गरोदर आहे, काल तिची सोनोग्राफी झाली. गर्भपिशवीचं तोंड आखूड आहे, बाळंतपण लवकर व्हायची भीती आहे म्हणाले, २.१ सेंटिमीटर आलंय. आमच्या मॅडमनी रात्री आत ठेवायच्या गोळ्या दिल्यात. साताऱ्यात दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला तर ते म्हणतात पिशवीचं तोंड बंद राहावं म्हणून टाका घालून घ्या, थांबू नका. कोणाचं ऐकायचं? परवापर्यंत ठरवायचंय. ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी लवकर सांगा.

वारणाकाठ: कितवा महिना चालू आहे?

मिरजेची_सिस्टर: महिना नको, आठवडे सांगा दादा. एकच बाळ की जुळं? पहिलंच का? आणि सोनोग्राफी पोटावरून केली की आतून? लघवी तुंबलेली असताना पोटावरून बघितलं तर तोंड आहे त्यापेक्षा लांब दिसतं. खरं माप आतूनच, लघवी करून आल्यावर घेतात.

आटपाडीकर: टाका घाला आणि निर्धास्त व्हा. माझ्या वहिनीला मिरजेत घातला होता, पोरगी आता शाळेत जाते.

विट्याची_सून: टाक्याच्या आधी त्यांना आडवं करा. पलंगाच्या पायथ्याला दोन-दोन विटा लावायच्या, जेवणसुद्धा जागेवर. सासूबाईंनी मला उठू दिलं नाही, म्हणून नऊ महिने भरले.

मिरजेची_सिस्टर: ताई, तुमचं सुखरूप झालं हे चांगलंच. पण नुसतं पडून राहिल्यानं बाळंतपण लांबतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायची भीती वाढते. जड उचलू नये, दगदग करू नये, एवढं पुरे.

विट्याची_सून: अभ्यासाचं मला माहीत नाही, मला गुण आला ते सांगितलं.

कास_पठार: हा टाका मुळात आपल्या मुंबईचा. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी १९५५ साली ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, आजही जगभर तिला त्यांच्याच नावानं ओळखतात. १९५७ मध्ये मॅकडोनाल्ड यांनी त्याहून सोपी पद्धत आणली, हल्ली बऱ्याच ठिकाणी तीच करतात.

आटपाडीकर: बघा, म्हणजे टाकाच.

कास_पठार: मी असं कुठं म्हटलं?

पेठनाका: वहिनी नोकरी करतात का? पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे पगारी रजा मिळते. अर्ज लवकर द्या, आमच्याकडे फार घोळ घातला होता.

कोरेगावकर८४: नोकरी नाही ओ. आतून केली सोनोग्राफी. एकच बाळ आहे, २१ आठवडे झालेत. आता सांगा.

मिरजेची_सिस्टर: पहिलंच का, ते राहिलं.

कोरेगावकर८४: दुसरं. पहिल्याचा इथं संबंध नाही, तेव्हा पिशवीचं काही निघालंच नव्हतं. तिसाव्या आठवड्यात एकदम पाणी गेलं आणि बाळंत झाली. बाळ पेटीत होतं, आता ठणठणीत आहे.

मिरजेची_सिस्टर: संबंध आहे दादा, सगळा निर्णय त्याच्यावरच आहे. २४ आठवड्यांच्या आत तोंड २५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर आखूड म्हणतात. तुमचं २.१ म्हणजे २१ मिलिमीटर. एकच बाळ आहे आणि आधी कधी लवकर बाळंतपण झालेलं नाही, अशा बाईला बहुतेक वेळा प्रोजेस्टेरॉनच (गर्भ टिकवायला मदत करणारं हार्मोन) देतात, २०० मिलिग्रॅमची गोळी रोज रात्री, साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. पण आधीचं बाळ आपोआप, ३७ आठवड्यांच्या बरंच आधी आलं असेल, मग कळा येऊन येवो की पाणी जाऊन, आणि या वेळी तोंड आखूड असेल, तर तिथं टाक्याचा विचार करतात. तुमच्या मॅडमना हे माहीत आहे का?

कोरेगावकर८४: त्यांनी विचारलं होतं पहिलं कसं झालं. आम्ही नॉर्मल सांगितलं. नॉर्मलच झालं होतं. फाईल तिच्या माहेरी आहे, तासगावला.

मिरजेची_सिस्टर: ती फाईल आजच मागवा आणि मॅडमसमोर ठेवा. ३० आठवडे, पाणी आधी गेलं, बाळाचं वजन, सगळं तोंडी पण सांगा. कदाचित दोन्ही डॉक्टरांचं मत एकच होईल. तोवर गोळी मनानं बंद करू नका. लघवीची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, लघवीतल्या जंतुसंसर्गानंही कळा लवकर येतात.

वारणाकाठ: आणि कच्ची पपई देऊ नका.

कोरेगावकर८४: आईचं म्हणणं, एकदा टाका घातला की सीझरच करावं लागतं. खरं का?

आटपाडीकर: वहिनीचं सीझर झालं होतं.

मिरजेची_सिस्टर: त्यांचं वेगळ्या कारणानं झालं असेल. खालून घातलेला टाका ३६-३७ आठवड्यांत काढतात, नंतर नॉर्मल होऊ शकतं. मात्र टाका असताना पाणी गेलं किंवा जोराच्या कळा सुरू झाल्या तर डॉक्टरांना लगेच दाखवावं लागतं. टाका घाला किंवा नका घालू, लहान बाळांचा अतिदक्षता विभाग असलेलं हॉस्पिटल आत्ताच ठरवून ठेवा. लवकर होईल असं वाटलं तर बाळाची फुप्फुसं पक्की व्हायला आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, त्यांचा परिणाम व्हायला वेळ लागतो. म्हणून कंबर धरून येणं, पोट सारखं कडक होणं, खाली दाब वाटणं, पाण्यासारखा स्राव किंवा रक्त जाणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ला फोन करा.

कोरेगावकर८४: मेहुण्याला फोन केलाय, तो संध्याकाळी फाईल घेऊन येतोय. मॅडमची वेळ उद्या अकराची मिळाली. काय म्हणतात ते इथंच लिहितो.

पेठनाका: फाईलचे फोटो मोबाईलमध्ये पण काढून ठेवा.