मदत हवी आहे: अविश्वासाची नोटीस आली, सरपंचांनी आधीच राजीनामा द्यावा का?

भीमाकाठ:
तालुका दक्षिण सोलापूर, 11 सदस्यांची ग्रामपंचायत. सरपंच डिसेंबर 2022 मध्ये थेट जनतेतून निवडून आलेले. त्यांच्याच पॅनेलचे चार जण फुटले आणि आठ सह्यांची अविश्वासाची नोटीस तहसीलदारांकडे गेली. पॅनेलप्रमुखांचं म्हणणं, "ठराव पास होऊन नाचक्की होण्यापेक्षा आजच राजीनामा टाका, पाणीपुरवठ्याच्या कामाची झेडपीत असलेली तक्रारही थंड होईल." काय करावं? नियम माहीत असणाऱ्यांनीच लिहा. "हिंमत ठेवा" छाप उत्तरं नकोत.

दप्तरी:
आधी डोकी मोजा. थेट सरपंचावरचा ठराव तीन चतुर्थांश मतांनी पास व्हावा लागतो. 11 चे तीन चतुर्थांश सव्वाआठ, म्हणजे 9 मतं. सरपंच पदसिद्ध सदस्य धरून 12 मोजले तरी 9च. आठावर ठराव पडतो. नववा माणूस हाताला लागत नाही म्हणूनच राजीनाम्याची घाई चाललीय, दुसरं काय! मधेच कुणी सदस्य अपात्र ठरला किंवा राजीनामा देऊन गेला तर मात्र हा हिशेब पुन्हा मांडा.

नोटीस मिळाल्यावर तहसीलदार सात दिवसांत सभा लावतात, अध्यक्ष तेच असतात. सरपंचांना तिथं बोलता येतं, मतही देता येतं. रुसून घरी बसू नका.

आणि समजा नऊ झाले, तरी पद लगेच जात नाही. ठराव विशेष ग्रामसभेपुढे जातो, तिथं गुप्त मतदान होतं, साध्या बहुमतावर निकाल. सदस्य फुटले म्हणजे गाव फुटलं असं नाही. तेव्हा आतापासून वॉर्डावॉर्डात फिरा.

भीमाकाठ:
आकड्याचं कळलं. पण तक्रारीचं?

कलमबहाद्दर:
तिथं तर साफ दिशाभूल आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 39 खाली गैरवर्तनावरून काढण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांचा, आपल्याकडे पुण्याचे. त्याच कलमानुसार राजीनामा देऊन गेलेल्या माणसालाही ते पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतात. म्हणजे खुर्ची जाईल, चौकशी राहील.

उलट पदावर असताना कागद हाताशी असतात. मासिक सभेचं प्रोसिडिंग, कॅशबुक, कामाची मोजमाप पुस्तिका, ठेकेदाराची बिलं, सगळ्याच्या साक्षांकित प्रती आजच काढून ठेवा. नंतर त्याच कागदांसाठी माहिती अधिकाराचे अर्ज टाकत बसाल. मोजमापावर सही कुणाची आहे ते नीट बघा. अर्धा बचाव तिथंच असतो.

माळकवठे_रोड:
अण्णा, एक बाजू राहिली. आठ जण विरोधात असतील तर मासिक सभेत एक खर्च मंजूर होणार नाही. ठराव पडला तरी गाडा अडलेलाच. विरोधकांपैकी दोघंतिघं परत येणारच नसतील, तर राजीनाम्याचा विचार वाईट नाही. फक्त पॅनेलप्रमुखांच्या सोयीनं नको.

दप्तरी:
मान्य, पण तो निर्णय सभेनंतरचा, आधीचा नव्हे. द्यायचाच ठरला तर सरपंचाचा राजीनामा लेखी, पंचायत समितीच्या सभापतींच्या नावे. पोच घ्या. सभापतींकडून तो ग्रामपंचायतीच्या सचिवाकडे येतो आणि पुढच्या सभेत ठेवला जातो. तिथून सात दिवसांत "हा राजीनामा खरा नाही" असा वाद जिल्हाधिकाऱ्यांकडे नेता येतो. नेला नाही तर सात दिवस संपल्यावर तो लागू होतो.

हे सांगायचं कारण, निवडणुकीच्या वेळी तारीख न टाकता सही केलेला राजीनामा कुणाच्या कपाटात आहे का, ते सरपंचांना विचारा. असेल तर या आठवड्यात तो बाहेर येईल. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर डोळा ठेवा.

ई-ग्रामस्वराजवरच्या (ग्रामपंचायतीच्या हिशेबाचं सरकारी पोर्टल) पेमेंटचा, सरपंचांच्या डिजिटल सहीचा डोंगल सध्या कुणाकडे आहे? ग्रामपंचायतीच्या संगणक ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये पडून असेल तर आजच ताब्यात घ्या. या गडबडीत त्यावरून एक जरी बिल निघालं तरी ते सरपंचांच्याच नावावर.

भीमाकाठ:
डोंगल ऑपरेटरकडेच आहे. निघालो.