‘दोन वर्षं फुकट काम करा’ हा सल्ला आता पुरे

उंबरठा

एका नावाजलेल्या छायाचित्रकारांची पोस्ट काल तिसऱ्यांदा माझ्यापर्यंत आली. सार असं: ‘वृत्तछायाचित्रण किंवा माहितीपटात शिरायचंय? कॅमेरा उचला, रस्त्यावर उतरा आणि पहिली दोन वर्षं पैशाचं नाव काढू नका. काम चांगलं असेल तर दारं आपोआप उघडतात.’ खाली नमस्कारांची रांग लागली होती. माझं डोकं उठलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी नऊ वर्षं हेच काम करते. पहिली दोन वर्षं मीही फुकट केलं, आणि ते जमलं कारण घरभाडं भाऊ भरत होता. त्यात माझ्या जिद्दीचा वाटा किती आणि भावाच्या पगाराचा किती, हे मला पक्कं ठाऊक आहे. आम्ही सहाजणांनी बरोबर सुरुवात केली होती. त्यातल्या एका मुलाची नजर आमच्यापेक्षा कितीतरी पुढची होती. आम्ही सगळे बोलणाऱ्या पुढाऱ्यावर लेन्स रोखून उभे असायचो आणि हा मागे जाऊन खुर्च्या लावणाऱ्या माणसाचे हात टिपायचा. दुसऱ्या दिवशी आमच्या फोटोंकडे कुणी ढुंकून बघायचं नाही, त्याच्या फोटोपाशी सगळे थांबायचे. चौदाव्या महिन्यात त्यानं कॅमेरा विकला. घरी दोन धाकटी भावंडं होती. आता तो गोदामात माल मोजतो. त्याचं काम चांगलं नव्हतं का?

आणि फुकट म्हणजे नुसतं बिनपगारी नव्हे, वर पदरमोडही असते. पुराच्या वेळी तीन दिवस कमरेइतक्या पाण्यातून मी फोटो पाठवले. लेन्समध्ये पाणी शिरलं, दुरुस्ती माझ्या खिशातून. एका दैनिकानं त्यातला एक मोठा छापला. पैसे नाहीतच, आणि माझ्या नावाच्या जागी ‘संग्रहित छायाचित्र’. आदल्या दिवशीचा पूर होता तो!

ज्याला दोन वर्षं न कमावता जगता येतं तोच या धंद्यात टिकणार असेल, तर जगातलं दुःख कायम त्याच्याच नजरेतून दिसणार. मला याचा राग आहे.

जुना_लेन्सवाला

राग कळला, मांडणी पटली नाही. ३१ वर्षं या कामात आहे, मला कुणी बोलावणं पाठवलं नव्हतं. सुरुवात डार्करूममध्ये. ट्रे धुवायचे, फिक्सर, म्हणजे फोटो पक्का करणारं रसायन, बदलायचा, दुसऱ्यांचे रोल डेव्हलप करायचे. लाल दिव्याखाली कागदावर चित्र हळूहळू वर यायचं, तेवढ्या वेळात मी ताडायचो की हा माणूस नेमका कुठे उभा होता, एक पाऊल पुढे का गेला नाही. सुट्टीच्या दिवशी उसन्या कॅमेऱ्यानं फिरायचो. पहिला फोटो छापून यायला तीन वर्षं लागली. आता तिसऱ्या आठवड्यात नाव हवं असतं.

या कामाला प्रवेशपरीक्षा नाही. तुमचे फोटो हीच परीक्षा, आणि ते काढायला आधी कुणी पैसे देत नाही. मॅग्नम ही छायाचित्रकारांची संस्था काढणाऱ्यांपैकी काहीजणसुद्धा आधी स्वतःच्या हिमतीवर युद्धं टिपून आले होते.

फोटोओळ

काका, डार्करूममध्ये तुम्हाला पगार होता ना? मुद्दा तिथेच संपतो. तुम्ही ज्या शिडीनं वर आलात ती शिडीच आता काढून घेतली आहे. शिकागो सन-टाइम्स या अमेरिकी दैनिकानं मे २०१३ मध्ये पदरचे सगळेच्या सगळे २८ पूर्णवेळ छायाचित्रकार एकदम काढले. त्यात पत्रकारितेतल्या पुलित्झर पुरस्काराचे १९८२ चे विजेते जॉन एच. व्हाइटही होते. वार्ताहरांनाच आयफोननं फोटो काढायला शिकवायचं ठरलं. तिथे शिकाऊ माणसाला ट्रे धुवायला कोण ठेवणार?

आणि मॅग्नमचं उदाहरण तर तुमच्याच विरुद्ध जातं. कापा, कार्तिए-ब्रेसाँ, रॉजर, सेमूर यांनी १९४७ मध्ये ती संस्था काढली ती फोटोचा हक्क काढणाऱ्याकडेच राहावा म्हणून. फुकट वाटायला नव्हे.

पण उंबरठा, तक्रार माझीही आहे, आणि ती तुमच्या बाजूच्यांबद्दल आहे. मी वृत्तपत्राच्या डेस्कवर छापायचे फोटो निवडते. नवी मुलं फोटो पाठवतात, फोटोओळ पाठवत नाहीत. ‘एक दुःखी आई.’ अरे, कोण? नाव, वय, ठिकाण, वेळ, कशामुळे? परवा एक अप्रतिम फोटो बाजूला ठेवावा लागला. बाई भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर कागदांची पिशवी, पिशवीचे बंद मनगटाला दोनदा गुंडाळलेले. मी फोन केला. नाव काय त्यांचं? ‘विचारलं नाही.’ कागद कसले? ‘माहीत नाही.’ सगळी बातमी त्या पिशवीत होती! अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँगनंही १९३६ मध्ये ‘मायग्रंट मदर’ या गाजलेल्या फोटोतल्या स्थलांतरित आईला नाव विचारलं नव्हतं, तिनं स्वतःच तसं पुढे लिहिलं आहे. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळायला १९७८ साल उजाडलं. तोवर त्या चेहऱ्यावर लोकांनी पुरस्कार, पुस्तकं, प्रदर्शनं केली होती आणि त्या बाईच्या हाती छदामही आला नव्हता.

तिठा

फोटोओळचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी या व्यवसायातला नाही.

माझे वडील अपघातात गेले तेव्हा मी १७ वर्षांचा होतो. रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसलो होतो, हातात त्यांची एकच चप्पल. दुसरी सापडली नव्हती. समोर एक माणूस गुडघ्यावर बसला, खटाखट तीन-चार फोटो काढले आणि गेला. एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो फोटो छापून आला. आईला वडील गेल्याचं आम्ही अजून नीट सांगितलंही नव्हतं. शेजारच्या घरात पेपर होता, तिनं तिथे पाहिला.

तुम्ही सगळे इथे हुज्जत घालताय की त्या फोटोचे पैसे नवख्याला मिळावेत की नाही. पायरीवर बसलेल्या पोराचा हिशेब कोण करणार?

जुना_लेन्सवाला

तिठा, तुमच्याबाबतीत झालं ते वाईटच झालं. पण म्हणून काय परवानगीचा छापील कागद घेऊन फिरायचं? इमारत कोसळते तेव्हा आधी फोटो, मग बोलणं. तसा फोटो नसेल तर दुसऱ्या दिवशी इमारत बांधणारा म्हणतो, काही झालंच नाही. अशा माझ्या दोन फोटोंवरून चौकशी लागली आहे. दरवेळी आम्हालाच गिधाडं म्हणायचं, याचा आता वीट आलाय.

तिठा

गिधाड हा शब्द मी वापरला नाही. तुम्ही वापरलात.

जुना_लेन्सवाला

शब्द नसेल वापरला, रोख तोच होता. व्हिएतनामचा ८ जून १९७२ चा तो फोटो आठवा. भाजलेली, उघडी मुलगी रस्त्यावरून धावतेय. कुणाची संमती होती? तो छापला नसता तर बरं झालं असतं का? आणि तो काढणाऱ्या निक उट यांनी त्या मुलीला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, हेही सांगा की!

रफकट

काका, तुमचंच उदाहरण तुम्हाला उत्तर देतंय. त्यांनी फोटोनंतर त्या मुलीला दवाखान्यात नेलं. तिठा तेच तर म्हणतोय. फोटो काढू नका असं तो म्हणालेला नाही, एक शब्द न बोलता निघून गेला असं म्हणालाय. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फोटोओळ

थोडं अवांतर, पण धाग्याशी संबंध आहे. त्याच फोटोच्या श्रेयावरून आता वाद पेटलाय. तो एका स्थानिक स्ट्रिंगरनं, म्हणजे पगारी नसलेल्या, फोटोमागे पैसे घेणाऱ्या माणसानं काढला असा दावा पुढे आला आणि मे २०२५ मध्ये वृत्तछायाचित्रांना पुरस्कार देणाऱ्या वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेनं उट यांचं श्रेय स्थगित केलं. तो फोटो प्रसिद्ध करणाऱ्या एपी या वृत्तसंस्थेनं स्वतंत्र तपास करून निक उट यांचंच नाव कायम ठेवलं. खरं काय यावर मी बोलणार नाही. पण फुटकळ पैशांवर काम करणाऱ्याचं नाव नोंदलं जातं की नाही, हा प्रश्न ५३ वर्षांनी वर येतो. ‘नावाचा आग्रह धरू नका’ म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

रफकट

माहितीपटात संमती एकदा घेऊन भागत नाही. पहिल्या दिवशी माणूस ‘हो’ म्हणतो ते कॅमेऱ्याकडे बघून. दुसऱ्या वर्षी तो कॅमेरा विसरतो, आणि खरं काम तिथूनच सुरू होतं. जोखीमही तिथूनच. एका कुटुंबाबरोबर मी तीन वर्षं चित्रीकरण केलं. रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी, तयार झाल्यावर आधी त्यांना दाखवला. धाकटी सून मध्येच उठून आत गेली. थोड्या वेळानं आली आणि म्हणाली, ‘मी स्वयंपाकघरात बोलले ते काढा. मला या घरात राहायचंय.’ कसलाही आवाज न चढवता. माझ्या अख्ख्या फिल्मचा कणा तोच प्रसंग होता. लेपल माइक तिच्या पदराला लावलेला होता, हे ती विसरली होती. मी नव्हतो विसरलो.

काढला. फिल्म लंगडी झाली, दोन महोत्सवांनी नाकारली. आजही वाटतं, काढलं ते बरोबर केलं. आणि आजही त्या प्रसंगासाठी जीव तुटतो.

जुना_लेन्सवाला

हे चुकलं तुमचं. असं प्रत्येकाच्या हाती कात्री दिली तर सत्ताधारी पण मागतील.

रफकट

सत्ताधाऱ्याला मी दिली नाही, देणारही नाही. सुनेला दिली. ज्याला परिणाम भोगायचे असतात त्याच्या हाती कात्री. बास्केटबॉल खेळणाऱ्या दोन मुलांवरच्या ‘हूप ड्रीम्स’ या अमेरिकी माहितीपटाचे लोक अर्ध्या तासाची छोटी फिल्म करायला निघाले आणि पाच वर्षं, २५० तासांच्या फुटेजपर्यंत गेले. १९९४ मध्ये फिल्म आली आणि चालली, तेव्हा कमाईतला वाटा त्यांनी त्या दोन मुलांच्या घरीही पोचवला. म्हणजे हे करता येतं.

उंबरठा

धागा माझ्या हातून गेलाय, हरकत नाही. पण मला वाटतं हे दोन वेगळे विषय नाहीतच. फुकट काम करणारा नवखा घाईत असतो. त्याला आज फोटो खपवायचाय, तरच उद्या कुणी ओळखणार. पायरीवरच्या मुलाशेजारी दहा मिनिटं बसायला, नाव विचारायला, ‘उद्या छापला तर चालेल का, घरी कुणाला कळायचं राहिलंय का’ विचारायला वेळ लागतो. त्या वेळाचे पैसे कुणी देत नाही.

तिठा

उंबरठा, हे सोयीचं उत्तर आहे. माझा फोटो काढणारा नवखा नव्हता. त्याच्या गळ्यात वृत्तपत्राचं ओळखपत्र होतं. पगारदार होता. दहा मिनिटं त्याच्याकडे होती.

उंबरठा

मान्य. पैसा मिळाला की माणूस आपोआप थांबतो असं म्हणणं चूक आहे. माझं वाक्य मागे घेते.

नवखी

इतकं वाचून आता विचारायला भीती वाटतेय. मी सहा महिने एका रात्रशाळेचे फोटो काढतेय. दिवसा नोकरी. सुमारे ४,००० फ्रेम जमल्यात. पुढे काय करू?

फोटोओळ

नोकरी सोडू नका. ४,००० मधून आधी ४० काढा, मग १२. हे स्वतः करू नका, ज्याला तुमच्या मेहनतीचं कौतुक नाही अशा माणसाकडून करून घ्या. प्रत्येकाखाली फोटोओळ. मग एका संपादकाला त्याच्या कामाशी जुळेल अशी चार ओळींची ई-मेल, सोबत १२ फोटो, लिंक नको. छापायला होकार द्यायच्या आधी लेखी विचारा: किती जागी वापरणार, किती काळ, हक्क कुणाचे. ‘सर्व हक्क कायमचे’ असं दिसलं तर सही करू नका. विद्यार्थी १८ च्या आतले असतील तर पालकांशी बोलल्याशिवाय एकही फोटो बाहेर जाता कामा नये.

रफकट

फिल्म करायचा विचार असेल तर आतापासून आवाज गोळा करा. हललेलं चित्र लोक सहन करतात, न कळणारा आवाज करत नाहीत. रोजचं फुटेज त्याच रात्री दोन डिस्कवर, आणि दोन्ही एका घरात ठेवू नका. आशिया-आफ्रिकेतल्या फिल्मकारांसाठी आम्स्टरडॅमच्या इडफा या माहितीपट महोत्सवाचा निधी आहे, पण नुसत्या विषयावर भागत नाही, चित्रित केलेला नमुना हातात हवा.

जुना_लेन्सवाला

अमेरिकेतल्या एडी अ‍ॅडम्स वर्कशॉपलाही अर्ज करा, वृत्तछायाचित्रणाची कार्यशाळा आहे. पोर्टफोलिओवर १०० जण निवडतात, शिकवायचे पैसे घेत नाहीत.

उंबरठा

आणि तिथवर जायचं विमानभाडं?

जुना_लेन्सवाला

तो भाग आहे खरा.

काल दुपारपासून हा धागा डोक्यात आहे, म्हणून सांगूनच टाकतो. डार्करूममध्ये मला पगार होता. थोडा होता, पण पहिल्या महिन्यापासून होता. तो नसता तर वडिलांनी मला दुकानात बसवलं असतं. फोटोओळनं विचारलं तेव्हा राग आला, कारण उत्तर माहीत होतं. आमच्या विभागात आज दोन मुलं येतात, एक पाच महिन्यांपासून, एक आठ. दोघंही बिनपगारी. ‘दोन वर्षं सोसा’ हे मीच सांगितलंय त्यांना. त्यातला एक गेल्या महिन्यापासून दुपारी जेवायच्या वेळी बाहेर जातो आणि पंधरा मिनिटांत परत येतो. कुठे जातो, मी विचारलं नाही.

बाकी मुद्द्यांवर मी ठाम आहे. आधी फोटो, मग बोलणं. सोमवारी संपादकांशी त्या दोघांच्या मानधनाचं बोलतो.

तिठा

‘मग बोलणं’ म्हणताय ते तरी नक्की करा.

उंबरठा

सोमवारी काय झालं ते इथेच कळवा. मी वाट बघतेय.