परमुलखात सेवेला गेलेल्यांनी लिहा, मी मोशीपासून सुरू करतो

नंदगडची_पोर
परवा खानापूर स्टँडवर थांबलो होतो. शेजारी रताळ्याचं बोचकं घेऊन एक सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या, पण पिढ्यान्पिढ्या इथल्याच) आजी बसलेल्या, त्यांनी विचारलं "बाळ, हल्याळची गाडी गेली काय गं?" आणि माझ्या तोंडातून "शिकामो" निघता निघता राहिलं. घरी येईपर्यंत डोक्यात तेच, म्हणून लिहायला बसलो.

2019 च्या जुलै-ऑगस्टमध्ये, एमएसडब्ल्यू करताना, मी सहा आठवडे टांझानियात मोशीला एका शाळेत पैसे भरून सेवेला होतो. किलिमांजारोच्या पायथ्याचं गाव. 5,895 मीटरचा डोंगर, पण पहिले नऊ दिवस नुसते ढग, डोंगर हाय का नाही कळेना. दहाव्या दिवशी पहाटे मागच्या दारी भांडी विसळायलो होतो आणि मान वर केली तर समोर पांढरं शिखर. हातातलं पातेलं तसंच.

"शिकामो" म्हणजे तिथल्या स्वाहिली भाषेत थोरामोठ्यांना करायचा नमस्कार, मूळ अर्थ तुमचे पाय धरतो असा सांगतात. समोरचा "माराहाबा" म्हणतो. आपलं पाया पडणंच की. नात्यांचे शब्द मात्र सगळे उलटेपालटे, तिथं आईला मामा, भावाला काका आणि बहिणीला दादा. शाळेतली पोरं मला दादा दादा करत मागं यायची. फोनवर आईला सांगितलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

वेळपण वेगळी. त्यांचे तास दिवस उगवल्यापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. मला शाळेतल्या बाईंनी "साआ ताटू" म्हणजे तीनला या म्हणून सांगितलं, मी दुपारी तीनला हजर, त्या सकाळी नऊपासून वाट बघून घरी गेलेल्या. पण रागावल्या नाहीत. बायका कांगा नावाचं रंगीत कापड नेसतात, त्यावर म्हण छापलेली असते, दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या कांग्यावरची वाचून दाखवली, "हराका हराका हाइना बराका". घाईत बरकत नाही. बराका म्हणजे आपली बरकत! मग मी शब्द गोळा करत सुटलो, साबुनी म्हणजे साबण, वाकाती म्हणजे वखत, बिमा म्हणजे विमा, रंगी, गारी, चपाती, चहा तर आहेच. मोसमी वाऱ्यावर गलबतं इकडून तिकडं जायची त्याचं हे सगळं.

आणि मग ऑगस्ट. इकडं बेळगाव भागात पूर आला ते सगळ्यांना ठाऊक हाय, सांगत बसत नाही. दोन दिवस घरचा फोन लागेना. मी ज्यांच्याकडं राहायलो होतो त्या मामा माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या "पोले". थोड्या वेळानं शेजारच्या आल्या, "पोले". दुकानदार, शाळेचे शिपाई, भाजीवाली, मी ज्यांना ओळखतपण नव्हतो ते रस्त्यात थांबून "पोले साना". म्हणजे तुझ्यावर आलेल्याचं मला वाईट वाटतंय. कुणी ठेचकाळलं तरी पोले, डोक्यावर ओझं असलं तरी पोले, माणूस गेलं तरी पोले. आपण "असू दे, होईल सगळं ठीक" म्हणून समजूत घालतो, ते समजूत घालत नाहीत, नुसतं पोले म्हणून जवळ बसतात. तिसऱ्या दिवशी फोन लागला, मागची भिंत पडलेली, माणसं सगळी धड. मामांनी त्या दिवशी केळ्याचं मटारू... नाही, म्टोरी म्हणतात, केळी आणि मटणाचं दाट सार, ते केलं. मी मटण खात नाही म्हणून माझं वेगळं.

तुम्ही कोण कुठं गेला असाल तर लिहा.

कोथरूडकर
डोळ्यांसमोर उभं राहिलं. एक शंका, तू मुलगी ना? मग "थांबलो होतो"?

नंदगडची_पोर
आमच्यात बायका गेलो, आलो, जेवलोच म्हणतात.

शहापूरचे_आप्पा
अहो आमच्या आईचं वय 84, अजून "मी देवळाला जाऊन येतो" म्हणते. बेळगावात या, एक आठवड्यात तुमची जीभपण वळेल. येताना फोन करा, कुंदा (आमची दुधाची मिठाई) घेऊन ठेवतो.

कोथरूडकर
कुंदा प्रवासात किती दिवस टिकतो?

शहापूरचे_आप्पा
आठवडा कुठं जाईना. ताईनं नेला होता काय मोशीला?

नंदगडची_पोर
नेलेला की. शाळेतल्या बाईंनी चाखला आणि विचारलं, यात मासा हाय काय? रंगामुळं बहुतेक. मग डबा एका दिवसात रिकामा.

निपाणीचा_विज्या
मी नेपाळ. 25 एप्रिल 2015 चा भूकंप, मी डिप्लोमाला होतो, परीक्षा झाली की आम्ही चौघं गेलो. सिंधुपालचोकला पावसाच्या आत घरांवर घालायला पत्रे पोचवायचे होते, गाडी जाते तिथपर्यंत गाडी आणि पुढं खांद्यावर. ज्यांची घरं गेलेली तेच वाटेत थांबवून विचारायचे "खाना खानुभयो?" मला वाटायचं जेवायला बोलवायलेत, मी नको नको म्हणायचो, आणि ते बळंच बसवून दाळभात वाढायचे. चार दिवसांनी एका दाईनं सांगितलं (दाई म्हणजे थोरला भाऊ, आपली दाई नव्हे) की ती फक्त विचारपूस. आपल्याकडं कन्नडमध्ये "ऊट आयता" (जेवण झालं काय) विचारतात तसंच की हे! इतकी वर्षं चिक्कोडीच्या बसमध्ये ऐकलेलं आणि मला तिथं जाऊन कळलं. घर पडलेल्या माणसाच्या ताटातलं खाल्लं ते अजून लागतंय मनाला. पाट्या सगळ्या देवनागरीत, त्यामुळं वाचता सगळं यायचं आणि अर्थ निम्मा. शनिवारी सुट्टी आणि रविवारी ऑफिस. घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढं.

नंदगडची_पोर
विज्या दादा, पोले. (भाऊ म्हणून दादा, मोशीतला नव्हे)

अथणीची_सून
माझ्या नणंदेचा मुलगा जर्मनीत वृद्धाश्रमात वर्षभराच्या सेवेला हाय. रविवारी दुकानं बंद, आवाज करायचा नाही, त्यानं पहिल्याच रविवारी भिंतीला खिळा मारला, खालच्या आजोबांनी दारावर चिठ्ठी लावली. आता तेच आजोबा त्याला पत्ते खेळत जर्मन शिकवायलेत. पाण्याची रिकामी बाटली दुकानात परत दिली की 25 सेंट मिळतात म्हणे, हे मला फार आवडलं, आपल्या मार्कंडेय नदीत बाटल्या बघवत नाहीत. दूध उतू चाललंय, येतो नंतर.

मलप्रभाकाठ
वाईट वाटून घेऊ नका ताई, पण पैसे भरून सेवेला जायचं हे मला पटत नाही. सहा आठवड्यांत काय शिकवणार? तेवढे पैसे इथल्या शाळेला दिले असते तर?

नंदगडची_पोर
प्रश्न बरोबर हाय. पैसे भरले होते, त्यातले शाळेपर्यंत किती पोचले ते शेवटपर्यंत मला नीट सांगितलं नाही, ती खंत हाय. आणि शिकवलं म्हणाल तर फार नाही, वर्गावर बाई होत्याच आणि त्या माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं शिकवायच्या. मी वह्या तपासल्या, मच्छरदाण्या शिवल्या.

पण एक बघितलं ते सांगतो. तिथं सातवीपर्यंत सगळं स्वाहिलीत आणि पुढं हायस्कूल एकदम इंग्लिशमध्ये. सातवीतली पोरगी वर्ग डोक्यावर घेणारी, तिचीच बहीण वरच्या वर्गात मान खाली घालून गप्प. येत नाही म्हणून नव्हे हो, येतं ते सांगायला शब्द नाहीत म्हणून. मी मराठी शाळेतली, दहावीनंतर पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतलं तेव्हा वर्ष दीड वर्ष वर्गात तोंड उघडलं नव्हतं, सर इंग्लिशमध्ये शिकवणार आणि शंका विचारली की कन्नडमध्ये समजावणार. त्या पोरीच्या शेजारी बसून तिला म्हटलं आधी स्वाहिलीत सांग, मग दोघी मिळून इंग्लिश करू. झाड पानांत आपलं जेवण कसं बनवतं ते अख्खं सांगितलं तिनं, हातवारे करून! आता नंदगडला शनिवारी आठ पोरं घरी येतात, त्यांना मी असंच घेतो, आधी मराठीत नाहीतर कन्नडमध्ये, जे घरात बोलतात त्यात. मोशीला गेलो नसतो तर माझंच गप्प बसणं मला समजलं नसतं.

मलप्रभाकाठ
हे पटलं. आठ पोरांना वह्या लागल्या तर सांगा, आमचं स्टेशनरीचं दुकान हाय.

धारवाड_हॉस्टेल
माझं परदेश म्हणजे मुंडगोड. हुबळीपासून बसनं जायचं, तिबेटी वसाहत 1966 पासूनची. सुट्टीत तिथल्या म्हाताऱ्यांना बँकेचे फॉर्म भरून द्यायचो. निघताना एका आजींनी गळ्यात पांढरं खाताक (मानाचं उपरणं) घातलं आणि माझ्याशी अस्सल कन्नडमध्ये बोलल्या, महिनाभर मी खुणा करत होतो.

गुंजीचा_सिद्दी
नंदगडच्या ताई, तुमचं सगळं वाचलं, शाळेचं तर फारच आवडलं. एक सांगू काय. स्टँडवर आम्हाला बघून लोकांना आफ्रिका आठवते, फोटो काढतात, कुठून आला विचारतात. आम्ही गुंजीचे. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून आणलेले आमचे पूर्वज, त्याला कितीतरी पिढ्या झाल्या, घरात कोकणी, बाजारात मराठी, कचेरीत कन्नड. स्वाहिलीचा एक शब्द येत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या सिद्दींना एसटीत (अनुसूचित जमातीत) धरलं ते 2020 ला, त्याआधी शेजारच्या कारवार जिल्ह्यातल्या आमच्याच पाहुण्यांना दाखला मिळायचा आणि आम्हाला नाही. तुम्ही "शिकामो" म्हणाला नाहीत ते बरं केलंत. आजींना "पाया पडतो" म्हटलं असतं तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला असता.

नंदगडची_पोर
दादा, बरोबर बोललात. मी तीन हजार मैलांवरच्या बायकांची भाषा शिकून आलो आणि गुंजी आमच्यापासून किती जवळ, एकदाही आलो नाही. दाखल्याचंपण मला माहीत नव्हतं. त्या आजींना मी फक्त "गाडी गेली नाही अजून" एवढंच म्हटलं.

गुंजीचा_सिद्दी
या की. तुळशीच्या लग्नानंतर या, सुगीची घाई सरलेली असते. डमामी वाजवून दाखवतो.

शहापूरचे_आप्पा
मीपण येऊ काय रे बाळा? आणि रताळी अजून मिळतात काय तिकडं, मार्केट यार्डात यंदा बघायलोय तर सगळी किडकी.

गुंजीचा_सिद्दी
या आप्पा. रताळी हायत, लाल सालीची. पिशवी मोठी आणा.