रेड्यावर पाय ठेवला आणि श्वास सुटला: आघातावर देवीची प्रतीकं चालतात का?

जास्वंद
गेल्या रविवारी पार्ल्यात एका कार्यशाळेला गेले होते. विषय होता शरीरात साठलेला आघात आणि देवीची रूपं. तीन वर्षांपूर्वी मी स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत सापडले होते. हाड जुळलं, पण मागून कोणी घाईने आलं की आजही पाय उचलत नाहीत. दीड वर्ष समुपदेशन घेतलं. बोलून बोलून तोंड दुखलं, पाय काही ऐकेनात.

इथे बाईंनी महिषासुरमर्दिनीसारखं उभं केलं. गुडघे सैल, एक पाय उशीवर. उशी म्हणजे रेडा. "टाचेखाली काय लागतंय तेवढंच बघा." पाचेक मिनिटांत मांड्या लटलट कापायला लागल्या, मग जांभयांवर जांभया. सोमवारी पुलावर तशीच टाच रोवून उभी राहिले, गर्दी दोन्ही बाजूंनी निघून गेली. "पाय घट्ट रोवा" हे आधीचे समुपदेशकही सांगायचे. रेडा म्हटल्यावरच शरीराला कळलं. माझं मत: प्रतीक हवंच.

शंकासुर
बरं वाटलं याचा आनंद आहे. पण श्रेय टाचेचं की रेड्याचं? मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या २०१४ च्या अभ्यासात आघाताने त्रस्त ६४ बायका होत्या, उपचारांना दाद न देणाऱ्या. १० आठवडे योग करून ३१ पैकी १६ जणी निदानाच्या निकषातून बाहेर आल्या, नुसती आरोग्याची माहिती दिलेल्या दुसऱ्या गटात २९ पैकी ६. योगच, पण कोणाला देवी व्हायला लावलं नव्हतं.

आणि भिंतीवर सात रंगांच्या चक्रांचा तक्ता होता का? असणारच. त्यात हृदयाचं चक्र हिरवं असतं. 'षट्चक्रनिरूपण' या सोळाव्या शतकातल्या ग्रंथात तेच बंधूकाच्या फुलासारखं लाल आहे, आणि नाभीचं पिवळं नाही, पाण्याने भरलेल्या ढगासारखं. इंद्रधनुष्य गेल्या शतकात पश्चिमेत चिकटवलं गेलं. प्राचीन म्हणून विकताय तर निदान पोथी तरी उघडा.

जास्वंद
तक्ता होता. हिरवाच होता. :)

चाळकरीण
शंकासुर, रंग सोडा हो. लालबागला आमच्या मजल्यावर एका मावशींच्या अंगात यायचं. मंगळवारी, आरतीला. केस सुटायचे, अंग घुसळायचं. पण पदर सावरायला दोघी, डोकं आपटू नये म्हणून मागे एक, आणि शांत झाल्यावर तोंडाला पाणी लावायला माझी आजी. दुसऱ्या दिवशी नळावर "काल फार दमलीस गं" म्हणणाऱ्या वेगळ्याच. तिचा नवरा कसा होता ते सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी बोलायचं नाही. देवीने तिला बरं केलं असं मी म्हणत नाही, ती मरेपर्यंत घुमतच होती. पण एकटी कधीच घुमली नाही. तुमच्या बाईंनी सोमवारी फोन केला का?

विरारफास्ट
हाच मुद्दा. मी अशाच एका शिबिरात होते. आम्हाला अहल्या व्हायला सांगितलं. डोळे मिटून शिळेसारखं पडा आणि स्पर्शाची वाट बघा. कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. आघात सोसलेल्या बाईला निपचित पडून कोणाच्या तरी पायाची वाट बघायला लावायचं? शेजारची मुलगी खरंच दगड झाली. हाक मारली तर डोळे उघडे, नजर कुठेच नाही. संचालक म्हणे, "ऊर्जा मोकळी होतेय." तिला मी रिक्षात घालून घरी सोडलं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवायला भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी लागते, 'हीलर' म्हणवायला व्हिजिटिंग कार्ड पुरतं. आधी नोंदणी विचारा, मग उशीवर पाय ठेवा.

गावकुसाबाहेर
सगळं वाचलं. रेड्याबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्या गावी शिवेवर म्हसोबा आहे, शेंदूर फासलेला. इतिहासकार दा. ध. कोसंबींनी म्हसोबा आणि महिषासुर यांच्या नात्यावर लिहिलंय. आई त्याला नारळ फोडल्याशिवाय पेरणीला हात लावत नाही. उद्या ती तुमच्या कार्यशाळेत आली तर तिने कोणावर पाय ठेवायचा? "पुराणं सगळ्यांची" म्हणताना एकदा खोलीत कोण बसलंय ते बघत चला.

जास्वंद
हे डोक्यातच आलं नव्हतं. रेडा म्हणजे माझ्यासाठी त्या दिवशीची गर्दी होती, पण ते माझं झालं.

चाळकरीण, फोन नाही आला. पुढच्या शिबिराची जाहिरात आली, 'अर्ली बर्ड' सवलतीसकट.

शंकासुर, टाचेचं की रेड्याचं ते मला सांगता येणार नाही. काल उशीशिवाय करून पाहिलं, नुसती टाच. थरथर आली, जांभया नाही आल्या. यावरून काय सिद्ध होतं ते तुम्हीच ठरवा.

शंकासुर
एका माणसावरून काहीच नाही. पण पुलावर उभं राहणं सोडू नका.

गावकुसाबाहेर
मी विचारलं आईला. ती म्हणे पाय कशाला ठेवायचा, पाठ टेकावी. म्हसोबाचा दगड दुपारी चांगला ऊबदार असतो.