चर्चा: देणगीचा फॉर्म वर्डप्रेसमध्येच ठेवावा की बाहेर?

झिरोमाइल:
नागपुरातल्या पाच-सात माणसांवर चालणाऱ्या संस्थांच्या वेबसाइटी बहुतेक एकाच पद्धतीने मरतात. ओळखीतला कोणी वर्डप्रेस (वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून देतो, कुठून तरी फुकटात उतरवलेली महागडी थीम (साइटचं रूप) लावतो, पंचवीस प्लगइन (जोड-सोयी) चढवतो आणि गायब होतो. अपडेट कोणीच करत नाही. मग एक दिवस साइट हॅक होते आणि गूगलवर संस्थेच्या नावाखाली जपानी भाषेत बूट-घड्याळांची पानं दिसायला लागतात.

म्हणून माझं मत: वर्डप्रेस घ्या, पण त्यात फक्त मजकूर ठेवा. पैशाचं काम पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेच्या) पानावर होऊ द्या, साइटवर नुसतं बटण. थीम वर्डप्रेससोबत येते तीच. प्लगइन चार: बॅकअप, कॅश (पानाची तयार प्रत साठवून साइट वेगवान करणारा), एसएमटीपी (ईमेल पाठवणारा), संपर्क फॉर्म. अ‍ॅडमिन दोघेच, बाकी सगळे एडिटर. आणि डोमेन, म्हणजे साइटचं नाव, संस्थेच्या ईमेलवर नोंदलेलं आहे की डिझायनरच्या, हे सगळ्यात आधी तपासा.

इतवारी_खतावणी:
प्लगइनबद्दल मान्य, बटणाबद्दल नाही. फॉर्म बाहेर गेला की पावत्यांच्या दोन मालिका होतात, एक ऑनलाइनची आणि एक चेक-एनईएफटीची. ऑडिटला जुळवत बसा मग. फॉर्म आपल्याच साइटवर ठेवा आणि चेकची नोंदही ऑफिसातून त्यातच करा, म्हणजे नंबर एका ओळीत चढतो.

रकाने एवढेच: पॅनवर आहे तसं नाव, पॅन, पिनकोडसह पत्ता, मोबाइल, ईमेल, रक्कम. ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत मागणाऱ्याला पॅन सक्तीचा करा. १९६१च्या कायद्यात देणगीदारांचं विवरण, म्हणजे १०बीडी, ३१ मेपर्यंत भरायचं आणि उशिराला रोज २०० रुपये. राहिलेले पॅन गोळा करायला मे महिन्यात फोन फिरवाल, तर नागपूरच्या दुपारी उचलणार कोण? २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, हेही फॉर्मशेजारीच लिहा.

पावतीच्या साच्यात कलमांचे आणि फॉर्मचे नंबर कोरून ठेवू नका. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, त्यात कलमांचे आकडे बदललेत. सेटिंगमध्ये एक रकाना ठेवा, तिथून बदलता येईल असा.

झिरोमाइल:
भाऊ, कागदावर बरोबर आहे. पण 'पैसे कटले, पावती नाही' ही तक्रार येते ती याच रचनेत. देणगीदार यूपीआय अ‍ॅपमध्ये जातो, पैसे देतो आणि ब्राउझरकडे परत येतच नाही. तो परत येण्याची वाट बघणारा प्लगइन देणगी 'प्रलंबित' दाखवत राहतो.

गोकुळपेठ_सर्व्हर:
त्यावर उपाय वेबहुक. पैसे जमा झाले हे गेटवेने थेट सर्व्हरला कळवायचं, ब्राउझरवर विसंबायचं नाही. तीन ठिकाणी चुकतं. सुरक्षा प्लगइन गेटवेचा तो निरोपच अडवतो, त्या निरोपाला सूट द्यावी लागते. एकच निरोप दोनदा येतो, म्हणून नंबर देण्याआधी तो पेमेंट आयडी आधीच नोंदलाय का ते बघा, नाहीतर एका देणगीच्या दोन पावत्या. आणि निरोपाची डिजिटल सही न तपासता पावती काढली, तर कोणीही खोटा निरोप पाठवून पावती मिळवेल.

देणगीचं पान कॅशमधून वगळा. वर्डप्रेस फॉर्मला देतो ती सुरक्षेची खूण जास्तीत जास्त २४ तास चालते. कॅशमधलं पान त्याहून जुनं झालं की फॉर्म चालत नाही, आणि तुम्ही लॉगिन असल्यामुळे तुम्हाला मात्र तो व्यवस्थित चाललेला दिसतो!

सदर_स्टॅटिक:
एवढा पसारा काऊन? चार एचटीएमएल पानं (हाताने लिहिलेली साधी वेबपानं), एक क्यूआर. हॅक होण्यासारखं काही उरतच नाही.

मानेवाडा_युनिकोड:
आणि शिबिराची तारीख बदलली की एचटीएमएल कोण उघडणार? ऑफिसातल्या ताई? साधा क्यूआर लावला तर पैसे कोणी दिले हे बँकेच्या उताऱ्यात धड कळत नाही, पॅन तर लांबच. सीएमएस, म्हणजे वर्डप्रेससारखं मजकूर सहज बदलता येणारं सॉफ्टवेअर, हवंच.

पण तुम्ही सगळे पैशावरच अडलात. वार्षिक अहवाल श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेला असतो. तो तसाच चिकटवला की पानावर इंग्रजी अक्षरांचा काला होतो. आधी युनिकोडमध्ये (इंटरनेटवर सगळीकडे दिसतं त्या देवनागरीत) बदला. पानाचा वेब-पत्ता रोमन अक्षरांत द्या. देवनागरीचं एक अक्षर किंवा मात्रा तिथे नऊ चिन्हं खाते आणि वर्डप्रेसची मर्यादा २०० आहे, म्हणजे बाविसेक अक्षरांनंतर शीर्षक तुटतं; व्हॉट्सअ‍ॅपवर तर टक्क्याच्या चिन्हांची (%) माळच जाते. मोबाइलचे चार-पाच एमबीचे फोटो १,२०० पिक्सेलवर आणा, मग चढवा. बालगृह असेल तर मुलांचे चेहरे आणि नावं नकोच, २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ वाचा.

इतवारी_खतावणी:
फोटोइतकंच महत्त्वाचं: एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) खालची नोंदणी नसेल तर गेटवेत परदेशी कार्डं बंद करा. नोंदणी असली तरी तो पैसा दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँक शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवा, नेहमीच्या गेटवे खात्यात नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्याची स्वतःची बचत परकीय देणगीत धरत नाहीत. त्याच्याच ओसीआय झालेल्या, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भावाची धरतात. म्हणून फॉर्मवर नागरिकत्वाची खूण सक्तीची.

झिरोमाइल:
म्हणजे वेबहुक, कॅश, सही, नागरिकत्व, एवढं सांभाळणारा माणूस असेल तरच फॉर्म आत. नसेल तर माझं बटणच बरं. गेटवेच्या पानावरही पॅनचा रकाना लावता येतो. मालिका दोन होतील, पण ऑनलाइनच्या पावतीच्या नंबराआधी वेगळं अक्षर लावलं की घोळ होत नाही.

गोकुळपेठ_सर्व्हर:
आत ठेवा की बाहेर, दर महिन्याच्या १ तारखेला एक रुपया देऊन बघा: पावती आली का, इनबॉक्समध्ये आली की स्पॅममध्ये. स्पॅममध्ये गेली तर डोमेनचे एसपीएफ आणि डीकेआयएम (ईमेल खरंच आपल्याच डोमेनचं आहे हे पटवणाऱ्या नोंदी) तपासा.

इतवारी_खतावणी:
द्या, पण त्या रुपयाची पावती रद्द करू नका. तिचाही नंबर मालिकेत चढलेला असतो. देणगी म्हणून जमा दाखवा.